उत्क्रांतीची शिडी आणि किनवटचा कोलाम

महाराष्ट्र शासनाच्या कागदोपत्री तीन जमातींच्या नावांआधी 'आदिम' हे विशेषण लागते : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. यांपैकी कोलाम आमचे शेजारी. किनवटच्या डोंगरपट्ट्यात त्यांच्या वस्त्या आहेत, पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यात त्यांचे पोड लागतात आणि पूर्वेला आदिलाबादेत त्यांचेच सोयरे राहतात. टोपल्या, सुपे, तट्टे विणणारी, द्रविड कुळातली पण गोंडीहून निराळी भाषा बोलणारी, स्वतःला 'कोलावार' म्हणवणारी ही माणसे.

मी विद्यापीठातला माणूस नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि किनवटच्या बाजारात दुकानदारांचे हिशेब लिहीत आलो. त्यासोबत लोकांचे अर्ज भरून देणे ओघाने आलेच. 'आदिम जमात' हे दोन शब्द मी माझ्या हाताने शेकडो वेळा लिहिले आहेत. ज्याच्या नावापुढे ते लिहायचे तो माणूस समोरच्या बाकावर बसलेला असतो, त्याच्या खिशात मोबाइल असतो आणि कापसाच्या भावाची चिंता माझ्या गिऱ्हाइकांइतकीच त्यालाही असते. मग हा 'आदिम' कशाच्या हिशेबाने? हिशेब लिहिणाऱ्याला हा प्रश्न सुटत नाही. नांदेडची, हैदराबादची ग्रंथालये पालथी घालत मी या शब्दाचा माग काढत गेलो. तो मंत्रालयात थांबेल असे वाटले होते. तो थेट 'माणूस कुठून आला' हे सांगणाऱ्या व्याख्यानांच्या मंचापर्यंत जाऊन पोहोचला.

सरकारी टोक आधी सांगून टाकतो. १९६०-६१ साली ढेबर आयोग नेमला गेला. अनुसूचित जमातींमध्येही काही जमाती फारच मागे आहेत, त्यांचा वेगळा विचार व्हावा, असे आयोगाने सांगितले. पाचव्या पंचवार्षिक योजनेत त्यानुसार 'प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप' असा गट पडला. निकष ठरले : शेतीपूर्व काळातले तंत्रज्ञान, अत्यल्प साक्षरता, खुंटलेली किंवा घटणारी लोकसंख्या. हेतू चांगला होता. पैसा खऱ्या गरजूपर्यंत जावा, एवढाच. पण पहिला निकष पुन्हा वाचा. साक्षरता, लोकसंख्या या गोष्टी आजच्या आहेत. 'शेतीपूर्व' हा मात्र काळ आहे. एक जिवंत समाज आजच्या तारखेला काही हजार वर्षांपूर्वीच्या काळात राहतो, असे त्या निकषाने गृहीत धरले. २००६ साली केंद्राने इंग्रजी नाव बदलून 'प्रिमिटिव्ह' काढून टाकले. मराठीत 'आदिम' तसेच राहिले.

*

आता दीडशे वर्षे मागे जावे लागेल. १८६३ हे वर्ष या विषयात फार मोलाचे. त्या वर्षी लंडनमध्ये थॉमस हक्स्लेचे 'मॅन्स प्लेस इन नेचर' निघाले, चार्ल्स लायेलचे माणसाच्या प्राचीनतेवरचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी ३० मे रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला मद्रासजवळ पल्लवरम येथे दगडी हत्यार सापडले आणि भारतातही अश्मयुगीन माणूस होता हे सिद्ध झाले. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, वाइन नावाच्या भूशास्त्रज्ञाला गोदाकाठी पैठणजवळच्या मुंगी गावी, जनावरांच्या जीवाश्मांच्या थरात, अकीकाचा माणसाने काढलेला छिलका मिळाला. मराठवाड्याच्या वाचकाला हे मुद्दाम सांगतो. पैठण म्हटले की आपण सातवाहनांपर्यंत जाऊन थांबतो. मुंगीचा तो छिलका त्यापेक्षा कितीतरी जुना आहे.

आणि त्याच १८६३ मध्ये, ४ सप्टेंबरच्या रात्री, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप बोरी गावाजवळ पुराच्या पाण्यात बुडून मेले. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून ते परतत होते. हिस्लॉप हा माणूस मला फार जवळचा वाटतो. नागपूर भागातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्याच वेळी गोंडांमध्ये फिरून त्यांची उत्पत्तिकथा उतरवून घेतली. लिंगोचे ते गीत त्यांना एका परधानाकडून मिळाले होते. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ते कागद १८६६ मध्ये छापले. माणूस कुठून आला याची दोन उत्तरे, एक दगडातले आणि एक गाण्यातले, एकाच माणसाच्या झोळीत एकत्र होती. पुढे ही दोन उत्तरे अशी एका हाती फारशी आली नाहीत.

परधानाचे गाणे म्हणजे आमच्या मुलखातले माणसाच्या उगमावरचे सर्वांत जुने जाहीर व्याख्यान. परधान हे गोंडांचे भाट. पेर्सापेनच्या पूजेला किंवा घरच्या मोठ्या कार्याला तो किंगरी घेऊन येतो, समोर सगळे गणगोत बसते, आणि रात्रभर कथा चालते. गोंडांचे देव गुहेत कोंडले गेले, पहांदी कुपार लिंगालने त्यांना सोडवले, जंगुबाईने त्यांना सांभाळले, मग लिंगालने त्यांची कुळे पाडली. चार भावांचे, पाच भावांचे, सहा भावांचे, सात भावांचे. ज्याचे जे कूळ, त्याचा तो सगा, आणि सग्यात लग्न नाही. मी गोंडी पुरती समजणारा माणूस नाही, शेजारी बसलेला जाणता अर्थ सांगत जातो. दोन-तीन वेळा ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की या कथेत माणूस कशापासून झाला याला फार जागाच नाही. कोण कुणाचा कोण, हे सांगण्यासाठी सगळा खटाटोप आहे. भाऊ धाकटे-थोरले आहेत, पण मागासलेला भाऊ एकही नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हल्ली काही उत्साही मंडळी लिंगालला डार्विनच्या आधीचा डार्विन ठरवतात. दशावतारात उत्क्रांती पाहणाऱ्यांचीच ही गोंडी आवृत्ती. दोन्ही मला सारख्याच पटत नाहीत. कथा कथेच्या जागी थोर आहे, तिला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र कशाला हवे?

*

पुण्याकडे मात्र मंच वेगळा उभा राहत होता. हक्स्लेने १८६२ मध्ये लंडनच्या कामगारांपुढे सजीवसृष्टीवर सहा व्याख्याने दिली. ती लघुलेखकाने टिपून स्वस्त पुस्तिकांच्या रूपाने विकली गेली. शास्त्र सामान्य माणसाला तोंडी सांगायचे, ही रीत त्या काळी रुळली. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी मे १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि मराठी माणसाला व्याख्यानाची जी गोडी लागली ती अजून सुटलेली नाही.

उत्क्रांतीचा विचार मराठीत आला तो मात्र डार्विनपेक्षा हर्बर्ट स्पेन्सरच्या बोटाला धरून. आगरकर स्पेन्सर आणि मिल यांचे वाचक. समाज हा सजीवासारखा साध्या अवस्थेतून गुंतागुंतीच्या अवस्थेकडे जातो, म्हणून रूढी बदलल्या पाहिजेत, हा त्यांना सुधारणेसाठी मोठा आधार वाटला आणि त्यांनी तो निर्भयपणे वापरला. बालविवाह, केशवपन यांविरुद्ध लढताना या विचाराचा उपयोग झाला, हे मान्यच करायला हवे. पण त्या विचारात एक शिडी दडलेली होती. पुढारलेला समाज वरच्या पायरीवर, रानटी समाज खालच्या पायरीवर. अमेरिकेच्या लुइस मॉर्गनने १८७७ मध्ये तिच्या तीन पायऱ्या केल्या : रानटी, अर्धरानटी, सुधारलेला. शिडीच्या वर इंग्रज बसलेला पाहून आपल्या विद्वानांना राग येई, आणि ती शिडी आपणही चढू शकतो हे सांगण्यात त्यांची वाणी खर्च होई. शिडीच्या तळाशी कुणाला बसवले आहे, याची चौकशी त्या मंचावरून झालेली मला तरी दिसली नाही.

आपला शब्दही शिडीच्या बाजूचा निघाला. 'उत्क्रांती' हा शब्द नवा नाही. ब्रह्मसूत्रांत तो आहे आणि तिथे त्याचा अर्थ जिवाने देह सोडून वर जाणे, म्हणजे सरळ सांगायचे तर मरण. आपण तो उचलला आणि 'उत्' या उपसर्गासकट घेतला. त्यामुळे मराठी माणसाच्या कानावर उत्क्रांती पडते ती वर चढण्याच्या अर्थाने. डार्विन स्वतः या बाबतीत फार सावध होता. 'उच्च' आणि 'नीच' हे शब्द वापरायचे नाहीत, अशी नोंद त्याने एका पुस्तकाच्या समासात स्वतःपुरती करून ठेवली होती. १८५९ च्या 'ओरिजिन'च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्द नाही. शेवटच्या वाक्यात त्या धातूचे एक क्रियापद तेवढे येते. तरी १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये त्यालाही मोह आवरला नाही. सुधारलेले मानववंश रानटी वंशांना जगाच्या पाठीवरून नाहीसे करतील, असे भाकीत त्याने केलेच.

लोकमान्य टिळकांचा 'आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ मध्ये आला. पांडित्य अफाट, पण प्रश्न बदललेला. माणूस कुठून आला हे विचारायचे सोडून आर्य कुठून आले हे विचारले जाऊ लागले, आणि पुढची कित्येक दशके मराठी मंच याच प्रश्नाने तापत राहिला. अजूनही तापतो.

या सगळ्यात आमचा मुलूख कुठे होता? निजामाच्या राज्यात. १९२९ मध्ये गश्ती निशाण ५३ निघाली आणि जाहीर सभेला आधी सरकारची परवानगी लागू लागली. पुण्यात वसंत ऋतूत शास्त्रावर व्याख्याने झडत असताना किनवटसारख्या गावात चार माणसे बोलवून बोलायचे म्हणजे अर्ज आला. परधानाच्या किंगरीला मात्र कुणाची परवानगी लागत नव्हती.

*

शिडीला शास्त्राचा मुलामा चढला तो मोजपट्टीमुळे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा नाकावर भरवसा होता. नाकाची रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण काढायचे; नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत. आज हसू येते. तेव्हा तो छापील अहवाल होता आणि त्यावर व्याख्याने होत.

या मोजपट्टीची गोष्ट एका मराठी बाईने वेगळ्या वळणावर नेली आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. इरावती कर्वे यांना आपण 'युगान्त'साठी ओळखतो. मुंबई विद्यापीठात घुर्यांच्या हाताखाली एम.ए. करून त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. तिथली कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था वर्षापूर्वीच उघडली होती. प्रमुख युजेन फिशर. हे गृहस्थ १९०८ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांची मापे घेऊन आले होते. पुढे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. नाझी वंशशास्त्राची बरीचशी शिदोरी त्यांच्याच घरची.

फिशरनी या विशीतल्या मुलीला विषय दिला कवटीच्या असमतोलाचा. कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. युरोपीय माणूस अधिक बुद्धिमान, म्हणून त्याच्या कवटीत हा फरक अधिक असणार, अशी गुरूंची अटकळ होती. कर्व्यांनी संस्थेतल्या निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या. त्यांत आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. म्हणजे ज्यांना कुणी विचारले नव्हते अशी माणसे. मोजून झाल्यावर त्यांनी लिहिले की असमतोल सगळ्यांतच आहे आणि त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. १९३० च्या सुमाराच्या बर्लिनमध्ये, परदेशी विद्यार्थिनीने, स्वतःच्या परीक्षकाच्या मताविरुद्ध हे लिहिले. मला यात सर्वांत भावते ते हे की त्यांनी वाद घातला नाही. आकडे काढून समोर ठेवले. हिशेबनीस म्हणून मला या पद्धतीचे फार कौतुक आहे.

१९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. त्याच वर्षी तिथे ह. धी. सांकलियाही आले. दोघांनी १९४० च्या दशकात गुजरातेत लांघणज येथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे उकरले. महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरमापे कर्व्यांनी वि. म. दांडेकरांसह १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. एकाच 'ब्राह्मण' नावाखालच्या पोटजाती शरीराने एकमेकींपासून वेगळ्या निघतात, असे त्यांचे म्हणणे. जात ही वंश नसून पसरलेली सोयरीक आहे, हा त्यांचा विचार त्यातूनच पक्का झाला. परधानाच्या गाण्यातले 'कोण कुणाचा कोण' इथे मला पुन्हा ऐकू येते. 'मराठी लोकांची संस्कृती' आणि 'आमची संस्कृती' यांतून त्यांनी हे सगळे साध्या बोलण्याच्या मराठीत सांगितले, वाचताना समोर बसून ऐकल्यासारखे वाटते. एक तक्रार नोंदवतो. वंशाची शिडी त्यांनी मोडली, पण डोके मोजायचा कंपास काही खाली ठेवला नाही. मोजत राहिले की कधीतरी काहीतरी सापडेल, ही त्या पिढीची श्रद्धा होती.

*

कर्वे बर्लिनहून आल्या त्याच्या दहा वर्षांनंतर व्हिएन्नाचा एक मानवशास्त्रज्ञ आमच्या दारात येऊन ठेपला. तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ १९३९ मध्ये भारतात असताना युद्ध पेटले. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झालेला, पासपोर्ट जर्मन, म्हणून इंग्रजांच्या लेखी ते शत्रूचे नागरिक. त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम पोलिसांच्या गोळीने पडला. गोंड बंड का करतात याचा शोध घ्यायला निजाम सरकारने याच परक्या विद्वानाला सांगितले.

हाइमेनडॉर्फ शिडी बरोबर घेऊनच आले होते. त्यांच्या ग्रंथमालेचे नाव 'हैदराबादच्या मूळ जमाती', क्रम असा : १९४३ मध्ये कंदमुळे गोळा करणारे चेंचू, १९४५ मध्ये डोंगरउतारावर फिरती शेती करणारे रेड्डी, १९४८ मध्ये नांगर धरणारे राजगोंड. एकेक पायरी वर. पण गोंडांमध्ये राहिल्यावर त्यांनी लिहिलेला अहवाल शिडीचा नव्हता, जमिनीचा होता. गोंड मागे का पडला? त्याची जमीन सावकाराने, बाहेरून आलेल्या शेतकऱ्याने आणि जंगलखात्याने घेतली म्हणून. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी वर्ग सुरू झाला, गोंडीतली क्रमिक पुस्तके नागरी लिपीत निघाली. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले. बेटी फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांची समाधी मारलवाईतच आहे.

त्यानंतर आमच्या भागात आले ते निलंग्याचे सुपुत्र सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१०. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण हैदराबादच्या मुलकी सेवेतला हा अधिकारी गोंडी शिकला, कोलामीही अभ्यासली आणि १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. एक मराठी अधिकारी कोलामांची भाषा शिकतो, म्हणजे तिला व्याकरण आहे हे मान्य करतो. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

कोलामांबद्दल एक गोष्ट हाइमेनडॉर्फच्या लिखाणात येते आणि इथे कुणालाही विचारली तर तो सांगेल. गोंडांच्या गावात भूमीच्या देवाची पूजा असली की पुजारी कोलाम बोलावतात. गोंड संख्येने जास्त, एके काळचे राजे. पण या भूमीवर कोलाम आधीचा, त्याची देवाशी ओळख जुनी, म्हणून मान त्याचा. आधीचा असणे म्हणजे मानाचा असणे, असा हा हिशेब. आमच्या कार्यालयांत तोच 'आदि' उलटा मोजला जातो.

*

१९६५ मध्ये अमेरिकेत टाइम-लाइफ प्रकाशनाचे 'अर्ली मॅन' हे पुस्तक निघाले. लेखक क्लार्क हॉवेल. त्यात रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने एक उलगडता पट काढला होता : डावीकडे वानर, मग वाकलेला, मग जरा ताठ, असे करत पंधरा आकृत्या उजवीकडे चालल्या आहेत आणि शेवटी उंच, सरळ, गोरा माणूस. ही रांग म्हणजे एकामागून एक झालेली प्रगती असे समजू नये, असे हॉवेलच्या मजकुरात आहे. मजकूर कोण वाचतो? चित्र जगभर गेले. पाठ्यपुस्तकांत, तक्त्यांवर, साबणाच्या जाहिरातींत, निवडणुकीच्या व्यंगचित्रांत.

ते आमच्याकडेही आले. काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला एका वसतिगृहात मला 'मानवाची उत्क्रांती' या विषयावर बोलायला बोलावले होते. मुले गोंड, कोलाम, बंजारा, आंध. भिंतीवर त्याच रांगेचा तक्ता टांगलेला. मधल्या आकृतीच्या हातात भाला, कमरेला कातडे, खाली लिहिलेले 'आदिमानव'. मी बोलायला उभा राहिलो आणि नववीतला एक कोलाम मुलगा उठून म्हणाला, "सर, हे आदिमानव अन् आमी आदिम जमात, एकच का?" मागून चार-दोन पोरे हसली.

ठरवून आणलेले व्याख्यान मी बाजूला ठेवले. फळ्यावर गणित मांडले. मोरोक्कोत जेबेल इरूद येथे सापडलेले आपल्या जातीचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांचे आहेत, असे २०१७ मध्ये जाहीर झाले. एक पिढी २५ वर्षांची धरा. भागाकार करा. १२ हजार पिढ्या. आता सांगा, कोलामाच्या मागे किती पिढ्या? १२ हजार. तक्ता टांगणाऱ्या सरांच्या मागे? १२ हजार. पंतप्रधानांच्या मागे? मुले ओरडली, १२ हजार! कुणीच कुणाच्या मागे थांबलेला नाही. ज्या दिवशी सरांचे पूर्वज आफ्रिकेतून निघाले त्याच दिवशी कोलामांचेही निघाले, कारण ते तेच होते.

पुढे त्यांना वडाचे झाड काढून दाखवले. माकड आपला आजा नाही, फार लांबचा चुलतभाऊ आहे. तोही तितकाच काळ बदलत आला आहे. रिचर्ड लेवॉन्टिनने १९७२ मध्ये दाखवले की माणसामाणसांतल्या आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आत असतो. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीचे लालजी सिंग, थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांनी दाखवले की देशातल्या जवळजवळ सगळ्या समाजांत, जातींत आणि जमातींतही, दोन प्राचीन लोकसमूहांचे रक्त कमी-अधिक प्रमाणात मिसळलेले आहे. आकडे मुलांनी किती लक्षात ठेवले कोण जाणे. वडाचे झाड त्यांनी वहीत काढले, पारंब्यांसकट.

*

२०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला वैदिक संमेलन भरले. केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, वानराचा माणूस होताना कुणी पाहिलेले नाही, अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून उत्तर दिले. मंत्र्यांचे वरिष्ठ प्रकाश जावडेकर यांनी अशी वक्तव्ये टाळायला सांगितले. आठवडाभर मराठी वृत्तपत्रांत माकडांचा सुकाळ होता. पुढे एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले.

दोन्ही वेळी मी ते सगळे वाचत होतो. मंत्र्यांचे बोलणे चूक होते यात शंका नाही. पण त्या गदारोळात दोन्ही बाजूंचे चित्र तेच होते, वानरापासून माणसापर्यंतची रांग. एक बाजू म्हणे ती खोटी, दुसरी म्हणे खरी. त्या रांगेत मधे भाला घेऊन कुणाला उभे केले आहे, हे दोघांनीही विचारले नाही. नरहर कुरुंदकरांची आठवण झाली. नांदेडच्या या प्राचार्याने उभे आयुष्य मराठवाड्याच्या व्याख्यानपीठांवर काढले आणि १९८२ मध्ये औरंगाबादेत मंचावरच देह ठेवला. प्रश्न चुकीचा मांडला असेल तर आधी प्रश्न दुरुस्त करायचा, ही त्यांची सवय. त्याच शहरात हा प्रश्न दुरुस्त करायला कुणी उरले नव्हते.

आमच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'च्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. तो राहायला हवा, आणि त्या वसतिगृहातल्या मुलासाठी तर सर्वांत आधी राहायला हवा. धडा गेला म्हणून तक्ता जात नाही. तो भिंतीवर, जाहिरातीत, मोबाइलवर राहतोच, आणि त्याला खोडून काढणारे गणित मात्र वर्गातून जाते.

नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन योजना सुरू झाली. घरकुल, रस्ता, पाणी, दवाखाना. कोलाम वस्त्यांना त्याची गरज आहे आणि कामेही चालू आहेत. माझ्याकडे पुन्हा अर्ज भरायला गर्दी होते. रकान्यात जे छापले आहे तेच लिहावे लागते, नाहीतर अर्ज परत येतो. मात्र मराठीत शब्दांचा तोटा नाही. इंग्रजीने २००६ मध्ये केले ते आपण 'विशेष दुर्बल' म्हणून किंवा सरळ 'कोलाम' म्हणून करू शकतो. हे मी संबंधितांना लिहून कळवले आहे.

वसतिगृहातल्या मुलांनी यंदा मार्गशीर्षात पुन्हा बोलावले आहे. सहस्रकुंडाजवळच्या पात्रातून प्रत्येकाने एक गारगोटी आणायची, असे ठरले आहे. दगडाचा छिलका कसा काढतात ते करून पाहायचे. मुंगीच्या माणसाने तो कसा काढला असेल, आणि हातोडा कुठल्या हातात धरला असेल, यावर त्यांच्यात आत्ताच वाद सुरू झाला आहे.